परवाना विचारून कारागिराचा अपमान करू नये

घराची गटारजोडणी किंवा नळजोडणी करायची असेल, तर काम करणाऱ्यास परवाना विचारणे हा असभ्यपणा आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मध्ये परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे, परंतु हाक मारताच टिकाव घेऊन हजर होणारा मनुष्य कायदा करणाऱ्यांना भेटलेला नसावा.

कार्यालयाने परवान्याचा आग्रह धरलाच, तर घाबरू नये. अर्जावर सही आणि शिक्का एकाचा असतो, चरात उतरणारा दुसराच असतो आणि ही श्रमविभागणी सर्वांना मान्य आहे. परवानाधारकाने काम पाहायला यावे, अशी अपेक्षाही करू नये. त्याला त्याच दिवशी आणखी अर्जांवर सह्या करायच्या असतात.

रस्ता खोदण्यासाठी रविवार निवडावा, कारण त्या दिवशी परवानगी विचारणारे सुटीवर असतात.

पाण्याची आणि गटाराची नळी एकाच चरात टाकावी, म्हणजे खोदाईचा खर्च वाचतो. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेनुसार या दोन वाहिन्यांत आडवे 3 मीटर अंतर हवे आणि ते शक्य नसेल, तर पाण्याची वाहिनी गटाराच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर हवी. पण पुस्तिका वाचत बसले, तर जेसीबीचे भाडे वाढते. आमच्या समोरच्या बंगल्याची गटारजोडणी नुकतीच झाली, तेव्हा त्या जेसीबीच्या दातांत आमची नळाची लाइन सापडली. कारागिराने तुटलेली दोन टोके एकमेकांत कोंबली, वर सायकलची ट्यूब गुंडाळून तारेने आवळली आणि मी तोंड उघडण्याच्या आत माती लोटून दिली. "काही नई व्हस, काका," एवढी त्याची हमी. तापीखोऱ्यातली काळी माती मात्र असली हमी मानत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि तिच्या पोटातला प्रत्येक सांधा हलवून पाहते. पाणी वाघूर धरणाचे असो वा गिरणा धरणाचे, आपल्याकडे ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत वाहिनी रिकामी पडते, पाणी सुटायच्या वेळी घरोघरी मोटारी लागतात आणि नळीत पाणी नसेल, तर त्या मोटारी फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटारातले जे मिळेल ते ओढतात. आमच्या बादलीत ते आले आहे. पाहायला या म्हटले, तर समोरचे गृहस्थ म्हणतात, "थोडं वाहू द्या, साफ होईल." काय साफ होईल? कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने घरात येतात, हे त्यांना ठाऊक नसेल, असे त्यांच्या भिंतीवरच्या पदव्या पाहून वाटत नाही.

दाब चाचणी घेऊ नये. तिच्यात गळती सापडते.

दीड मीटरपेक्षा खोल चराच्या भिंतींना आधार द्यावा, असे सुरक्षा नियम सांगतात, पण फळ्यांना पैसे पडतात आणि मजूर रोजावर मिळतो. चेंबर तुंबले, तर त्यालाच आत उतरवावे. संरक्षक साधनांशिवाय असे काम करवून घेण्यास हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये केली आहे. तरीही भर दुपारी नाक्यावरून माणूस आणून झाकण उघडणारे लोक मी याच शहरात पाहिले आहेत.

याला काटकसर म्हणत नाहीत, याला निर्लज्जपणा म्हणतात. दिवाणखान्याच्या फरशीवर लाखो रुपये उधळणारा मनुष्य गटाराच्या कामात दोन हजार वाचवतो आणि त्याची किंमत शेजाऱ्याच्या लेकरांनी मोजायची, हे कोणत्या हिशेबात बसते? शिक्का भाड्याने देणारा परवानाधारक तितकाच दोषी आहे, त्याचा परवाना रद्द झाला पाहिजे. आणि जागेवर न जाता काम पूर्ण झाल्याचा शेरा मारणाऱ्या अभियंत्याने स्वतःच्या घरी त्याच नळाचे पाणी प्यावे. समोरच्यांनी तो सांधा पुन्हा उकरावा, ज्याची सही आहे त्यालाच उभे करून, दाब चाचणी घेऊन तो नीट करून द्यावा, आणि हे पावसाळ्याच्या आत व्हावे. लेखी तक्रार मी दिलेली आहे.