वेवा म्हणजे वाव!

श्रीलंकेहून आल्यावर आत्याचा पहिला प्रश्न, "अशोकवाटिका पाहिलीत?" नाही पाहिली. दुसरा, "मग लंकेला जाऊन केलंत काय?" त्याचं उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथेच लिहिते.

फेब्रुवारीत मी बाबांना घेऊन गेले होते. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. बडोद्यात आमच्या दांडिया बाजारच्या घरी पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आधी आजव्याची, म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या तलावाची, पातळी विचारली जाते, मग चहा. २११ फूट की २१२, यावर आमच्याकडे भांडणं झालेली आहेत. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको.

टूरवाल्यानं आखलेला कार्यक्रम असा, की चार दिवसांत अनुराधपुर, मिहिंतले, पोलोन्नारुवा, सिगिरिया, दांबुल्ला आणि वर कँडी. कागदावर छान दिसतो. पहिल्याच दिवशी अनुराधपुरात दुपारी बारा वाजता तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना (स्तूपापाशी चपलाही काढायच्या आणि टोपीही) मी मनात त्यातली निम्मी ठिकाणं खोडून टाकली. संघमित्रेनं आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड अजून तिथे आहे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं फुलं घेऊन शांत बसलेली असतात. बाबांनी हात जोडले, आणि मला हळूच विचारलं, "या झाडाला पाणी कुठून येतं गं?"

तिथून आमची सहल भलतीकडेच वळली.

त्या भागात पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो, उरलेलं वर्ष कोरडं. म्हणजे एवढी राजधानी, एवढे विहार, नऊ-दहा कोटी विटांचा जेतवन स्तूप, हे सगळं साठवलेल्या पाण्यावर उभं होतं. जिकडे जावं तिकडे तलाव. तिस्स वेवा, अभय वेवा, नुवर वेवा. ड्रायव्हर म्हणाला, जुन्या ग्रंथांत यांना 'वापी' म्हणतात. बाबा एकदम सरळ बसले. "वापी! म्हणजे आपली वाव! नवलखी वाव नाही का, पॅलेसच्या आवारातली? तोच शब्द, बघ ने!" गाडीतल्या गाडीत आम्ही लंकेचे सोयरे झालो. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर आणि वेवा म्हणजे तलाव, हा फरक त्यांनी माफ केला.

मग त्यांच्या हट्टानं कला वेवाला गेलो. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालताना बाबांनी मला जुनी मोरी, म्हणजे बांधातून पाणी सोडायची वाट, समजावली. पाणी खोल असलं की मोरीतून इतक्या जोरानं निघतं की पाळच खाऊन टाकतं. म्हणून पाळीच्या पोटात दगडानं बांधलेला एक चौकोनी हौद ठेवायचा. पाणी त्यात येतं, जोर मोडतो, आणि तिथूनच ते हवं तेवढं सोडायचं. याला तिकडे 'बिसोकोटुवा' म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती. या तलावातून निघालेला कालवा ८७ किलोमीटर जाऊन अनुराधपुरच्या तिस्स वेवाला मिळतो, आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला फक्त दहा सेंटिमीटर. बाबा बराच वेळ गप्प. मग, "आमच्याकडे लेव्हल लावून टाकलेली लाइनसुद्धा उलटी वाहायची."

कला वेवा बांधणारा धातुसेन पाचव्या शतकातला राजा. मुलानं, कश्यपानं, गादी बळकावली आणि विचारलं, खजिना कुठाय? बापानं त्याला या तलावापाशी आणलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, एवढंच आहे माझं धन. कश्यपानं त्याला ठार मारवलं. आणि मग भावाच्या भीतीनं राजधानी सिगिरियाला नेली.

सिगिरियाला आमचं वाजलं. सार्क देशांच्या पासपोर्टवर सवलत मिळते, तरी तिकीट काही स्वस्त नाही, आणि बाबा म्हणाले, "तू जा वर, मी इथेच." बाराशे पायऱ्या आणि त्यांचे गुडघे, मला कळत होतं, तरी चिडले. एकटीच चढले. भित्तिचित्रांतल्या बायका पाहिल्या (फोटो काढू देत नाहीत, बरंच आहे), प्रवाशांनी हजारेक वर्षांपूर्वी आरसा-भिंतीवर खरडलेल्या ओळी पाहिल्या, सिंहाचे उरलेले दोन पंजे पाहिले. दोन तासांनी खाली आले तर बाबा बागेत ओणवे होऊन भोकं पाडलेल्या एका दगडी चकतीकडे बघत होते. कारंजं. पंप नाही, काही नाही, नुसत्या उंचीच्या फरकावर चालणारं. जोराच्या पावसात ती अजूनही उडतात म्हणे. "बापाला मारलं खरं," बाबा म्हणाले, "पण पाण्याचं काम बापाकडूनच शिकला होता."

पोलोन्नारुवात गल विहाराचा चौदा मीटरचा निजलेला बुद्ध सगळेच बघतात. बाबांनी दगडी उशी दाखवली, डोक्याखाली ती थोडी दबलेली कोरली आहे. कँडी मी रद्द केली. टूरवाला अजून नाराज आहे.

माझं म्हणणं एवढंच, की आपण 'बघायची ठिकाणं' म्हणून जी यादी करतो तिच्यात पाणी नसतं. तलाव म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसतो तो देखावा. घरीही तेच. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसा, आणि आपण काय करतो? रोपवेनं वर, दर्शन, खाली येऊन शेव-उसळ. खालच्या वडा तलावाकडे वळून कोण बघतं? मीही बघितलं नव्हतं. आणि ज्या सयाजीराव महाराजांच्या नावानं आपण उठता बसता मान ताठ करतो, त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या आजव्याची आठवण आपल्याला कधी येते, तर ऑगस्ट २०२४ सारखी विश्वामित्री नदी घरात शिरली की. तेव्हा मग आजव्याचे दरवाजे कधी उघडले यावर सगळेच तज्ज्ञ.

आत्याला फोटो दाखवले. चारशेतले निम्मे मोऱ्यांचे आणि सांडव्यांचे. विसाव्या फोटोला ती भाजी निवडायला उठली.

ड्रायव्हरचा नंबर मात्र बाबांनी घेतला होता. त्याला ते मल्ली म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. परवा त्यांनी त्याला मेसेज केला, 'आजवा २०९ फूट.' बाकी काही नाही. तिकडून दहा मिनिटांत कला वेवाचा फोटो आला.