परतीचा प्रवास, नको तो!

सुट्टीत घरी जाताना हाच विमानप्रवास कसा संपतो कळत नाही. परदेशी कामावर परतताना मात्र तेवढेच तास, तसलीच सीट, आणि जीव नकोसा होतो.

सुरुवात काउंटरवरच. घरच्या काट्यावर नेमकी २३ किलो भरलेली बॅग तिथे २४.६ दाखवते. मग मागे रांग खोळंबलेली असताना उकिडवं बसून सगळ्यांसमोर आपले कपडे उपसायचे. एक स्वेटर अंगात, एक कमरेला. पुढे तपासणीत क्रीमची बाटली कचऱ्यात. अहो, अर्धी रिकामी होती! पण नाही, १०० मिलिलिटरचा नियम बाटलीच्या मापाला, आतल्या क्रीमला नाही.

विमानात घसा कोरडा ठाक. आतल्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. त्यात जेवणाचा ट्रे आला रे आला की पुढचा माणूस सीट मागे टाकणार. दरवेळी. मलाच कसा भेटतो हा? मधल्या विमानतळावर पहाटे पाच तास बसा, आणि खुर्च्यांना मध्ये हात, म्हणजे आडवं व्हायचीही सोय नाही.

एवढं करून दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला मीटिंग. "काय, सुट्टी मस्त झाली ना? एकदम फ्रेश?" फ्रेश! देशाबरोबर वेळ बदलते, पण शरीराचं घड्याळ नव्या वेळेकडे दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणजे हा आठवडा गेलाच. रात्री २ वाजता टक्क जागा, दुपारी कीबोर्डवर डुलक्या.

बॅग अजून दारातच पडली आहे. उघडवत नाही. आतल्या कपड्यांना घरचा वास असतो.