तलाव बुजवून वन उभे केल्याने कार्बन वाचत नाही

इंदूरच्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरत आहे. उथळ तलाव आणि दलदली मिथेन सोडतात, म्हणून त्यांतील पाणी उतरवून तेथे झाडे लावावीत. त्यामुळे कार्बन शोषला जाईल, भूजल वाढेल आणि बाष्पीभवनात वाया जाणारे पाणीही वाचेल, असा त्याचा आशय आहे.

मिथेनची गोष्ट खोटी नाही. उन्हाळ्यात सिरपूर तलावाच्या काठी, बेशरमाच्या झुडपांपलीकडे, उथळ पाण्यात काठी रोवली की गाळातून बुडबुडे उसळतात. गाळात प्राणवायू पोहोचत नसल्याने पालापाचोळा कुजताना मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. मात्र ज्या प्राणवायूच्या अभावामुळे मिथेन होतो, त्याच अभावामुळे न कुजलेला कार्बन गाळात साठून राहतो, आणि खर्चाचे पान वाचून जमेचे पान उलटायचे राहून जावे तसे त्या लेखकाचे झाले आहे. मिथेन साधारण 12 वर्षांत हवेतून नाहीसा होतो. पाणी उतरवल्यावर गाळात हवा शिरून जो साठा कुजू लागतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतके रेंगाळतो. इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतानमध्ये 1996 पासून भातशेतीसाठी सुमारे 10 लाख हेक्टर दलदली प्रदेशात कालवे खणण्यात आले. 1997 च्या दुष्काळात तेथील कोरडे पडलेले पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) पेटले आणि त्या वर्षी देशभरातील अशा आगींतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन हवेत गेला, असा अंदाज 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सिरपूरचा गाळ पीट नव्हे, तो पेटणार नाही. कुजण्याची क्रिया मात्र तीच. मिथेनच कमी करायचा असेल तर तलावात येणारे सांडपाणी आधी अडवावे, कारण मैल्याने पोसलेला गाळ अधिक मिथेन सोडतो.

झाडे लावली की लगेच कार्बन शोषला जातो, हेही तितकेसे खरे नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशांत तोड करून पुन्हा लावलेल्या वनांवर मनोरे उभारून हवेची देवघेव मोजली असता, पहिली दहा-वीस वर्षे उघडी पडलेली माती आणि उरलेले ओंडके जितका कार्बन सोडतात, तितका कोवळी रोपे घेऊ शकत नाहीत, असे अनेक ठिकाणी दिसले आहे. 14 जुलै 2024 रोजी इंदूरच्या रेवती रेंजवर 12 लाखांहून अधिक रोपे लागली, तेव्हा मीही दोन लावली होती. त्या उत्साहाला माझा विरोध नाही, पण रोपाची जागा तलावाच्या पोटात नव्हे.

भूजलाविषयी दक्षिण आफ्रिकेचा अनुभव पुरेसा बोलका आहे. निलगिरी आणि पाइनच्या लागवडीने ओढ्यांचे पाणी घटते, हे मोजून पाहिल्यावर त्या देशाने 1972 पासून अशा लागवडीला परवाना लावला.

राहिले बाष्पीभवन. झाडेही मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेतच सोडतात. तलावाची पातळी उतरलेली डोळ्यांना दिसते, झाडांनी ओढलेले पाणी मात्र शेजारच्या विहिरीला दोर अपुरा पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.