दर रविवारी डीफ्रॅग? आधी डिस्क कोणती ते तर बघा

‘कॉम्प्युटर स्लो झालाय? दर रविवारी हे पाच उपाय करा, नव्यासारखा पळेल’ अशा धाटणीचे मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. उपायही ठरलेले: डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं), टेम्प (तात्पुरत्या फाइली) आणि प्रीफेच ही फोल्डरं रिकामी करणं, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे क्लीनर, चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी कमांड) आणि अधूनमधून रिफ्रेश. यातले काही विंडोज एक्सपीच्या जमान्यात खपून जात. विंडोज 10 आणि 11 वर बहुतेक निरुपयोगी आहेत, एखाददुसरा अंगाशी येणारा.

‘दर आठवड्याला डीफ्रॅग कराच.’ हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. फाइलचा पुढचा तुकडा दुसरीकडे असेल तर वाचणारं हेड तिथे सरकवायचं आणि तो तुकडा फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. 5400 आरपीएमच्या (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांच्या) डिस्कला यात 15 ते 20 मिलिसेकंद सहज लागतात. बारीक तुकडे हजारोंनी असले की ते जाणवतं, आणि तिथे डीफ्रॅगचा उपयोग खराच आहे. एसएसडीत, म्हणजे फ्लॅश मेमरीच्या डिस्कमध्ये, मात्र फिरणारं काहीच नाही; तुकडा कुठेही असो, साधारण 0.1 मिलिसेकंदात हाती येतो. तिथे हाताने डीफ्रॅग करणं म्हणजे डेटा उगाच इकडून तिकडे लिहिणं, आणि फ्लॅश मेमरीवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते. एका डीफ्रॅगने एसएसडी मरत नाही, पण ही झीज फुकटची. तिला खरी गरज ट्रिमची: डिलीट झालेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे, हे तिला कळवण्याची.

दोन्ही कामं विंडोज स्वतः करतं. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅगमेंट’ टाइप करून ते टूल उघडा. ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात डिस्क कोणती ते दिसेल. खाली शेड्यूल्ड ऑप्टिमायझेशन ‘ऑन’ आणि ‘वीकली’ असेल तर खिडकी बंद करा, काम झालं. सिस्टिम रिस्टोअर (विंडोज मागच्या स्थितीत नेण्याची सोय) चालू असताना विंडोज क्वचित एसएसडीचंही डीफ्रॅग करतं. ते त्याच्या हिशेबाने होऊ द्या.

बाहेरचं सॉफ्टवेअर तुकडे झालेल्या फाइलींचा लाल चौकोनी नकाशा दाखवून घाबरवतं, तेव्हा एक हिशेब करा. 64 एमबीहून मोठा तुकडा विंडोजचं टूल तुकडा म्हणून धरतच नाही. सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने तेवढं वाचायला 0.6 सेकंद लागतात. त्यापुढे 20 मिलिसेकंदांचं थांबणं म्हणजे किस झाड की पत्ती.

‘टेम्प आणि प्रीफेच साफ करा.’ टेम्प साफ केल्याने जागा मिळते, वेग नाही. 500 जीबीतले 300 मोकळे असताना 2 जीबी काढून काय साधणार? डिस्क काठोकाठ भरली असेल तर मात्र जरूर करा. 10-15 टक्के जागा मोकळी राहू द्या. प्रीफेचला हात लावू नका. प्रोग्राम उघडताना कोणत्या फाइली लागतात, त्याच्या नोंदी तिथे असतात. त्या पुसल्या की प्रोग्राम पुढच्या वेळी उलट हळू उघडतो. जुन्या नोंदी विंडोज आपणहून काढतं.

साफसफाईसाठी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’वर टिक नाही ना, हे दोनदा बघा. आधारच्या पीडीएफपासून लग्नाच्या फोटोंपर्यंत सगळं तिथेच पडलेलं असतं, आणि इथून उडालेलं रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

‘रजिस्ट्री क्लीनर चालवा.’ हात दाखवून अवलक्षण. लाखो नोंदींतल्या शेपाचशे काढून वेग वाढत नाही. चुकीची एक गेली तर प्रिंटर किंवा ऑफिस बंद पडू शकतं. मायक्रोसॉफ्टही असल्या क्लीनरना पाठिंबा देत नाही.

‘दर महिन्याला चेकडिस्क, तेही कमांडला “आर” जोडून.’ हा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. ‘आर’ जोडलं की डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचला जातो. 1 टीबीच्या हार्ड डिस्कला तासन्‌तास लागतात, आणि खराब होऊ लागलेली डिस्क या ताणाने कायमची बसू शकते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘रीअ‍ॅलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) आणि ‘करंट पेंडिंग’ (वाचता न आलेल्या, संशयित) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचे, आकडे बघा. ते सुरुवातीला हेक्समध्ये (16 च्या पटीतल्या अंकपद्धतीत) दिसतात, म्हणजे 10 दिसले तर ते 16 समजायचे. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर चेकडिस्क नाही, बॅकअप.

‘मधूनमधून रिफ्रेश.’ डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा रंगवले जातात. बस.

काही न करता टास्क मॅनेजरमध्ये हार्ड डिस्क 100 टक्क्यांवर अडकत असेल, तर साफसफाईत रविवार घालवू नका. अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी जुन्या लॅपटॉपमध्ये सहसा त्याच जागी बसते, डिस्कची खाच 9.5 मिमीची असेल तर 7 मिमीच्या एसएसडीला स्पेसर (फट भरणारी चौकट) लावा. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्याआधी वापरलेली जागा नव्या एसएसडीत मावते का ते तपासा. जुन्या डिस्कवर पेंडिंग सेक्टर असतील तर क्लोनच्या भानगडीत पडू नका: आधी कामाच्या फाइली बाहेर काढा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने टाका.