बटण दाबलं आणि बाख अवतरला? अजिबात नाही

काल रात्री भाचीने एक मेसेज पाठवला: 'डेव्हिड कोप या अमेरिकन संगीतकाराने बटण दाबलं आणि कॉम्प्युटरने कुणाच्याही मदतीशिवाय अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखसारखं संगीत रचलं. तज्ज्ञही फसले. आता रचना शिकण्यात वेळ घालवू नका.' खाली तिचा प्रश्न: 'मावशी, मग हार्मनीचा गृहपाठ करू की नको?' हार्मनी म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी. माझं डोकंच फिरलं.

'कुणाच्याही मदतीशिवाय' हे यातलं सगळ्यात मोठं खोटं. ऑपेरा लिहायला घेतला आणि काही सुचेना, म्हणून १९८१च्या सुमारास कोप प्रोग्रामिंगकडे वळले. आधी त्यांनी कॉम्प्युटरला हार्मनीचे नियम दिले. जे निघालं ते नियमाला धरून होतं, पण निर्जीव. मग त्यांनी बाखची कोरल घेतली, म्हणजे चार आवाजांत बांधलेली चर्चगीतं. त्यांचे मात्रेमात्रेचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यापुढे नोंद केली, की यातला प्रत्येक आवाज पुढे कोणत्या स्वरावर गेला. त्याच स्वरांवर सुरू होणारा दुसऱ्या एखाद्या कोरलमधला तुकडा प्रोग्राम शोधतो आणि जोडतो. तुकडा बाखचा, सांधाही बाखचाच. ओळ कुठे विसावावी, ताण कुठे चढावा, ही व्यवस्था कोपनी लावलेली. तयार झालेल्यातलं लोकांना काय ऐकवायचं, तेही तेच निवडत. याला 'मदतीशिवाय' म्हणायचं?

लोक फसले, हे मात्र नाइलाजाने मान्य. १९९७ साली ओरेगॉन विद्यापीठात पियानोवर तीन रचना वाजवल्या: एक बाखची, एक प्रोग्रामची, एक तिथले प्राध्यापक स्टीव्ह लार्सन यांची. श्रोत्यांनी प्रोग्रामची रचना बाखची ठरवली आणि लार्सन यांची कॉम्प्युटरची! त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने ही हकिगत छापली. पण यातून कळलं एवढंच, की बाखची ढब उचलता येते. ती ढब बाखने घडवलीच नसती, तर तुकडे कशाचे पाडले असते?

या प्रोग्रामने एका दुपारात पाच हजार कोरल रचली, असंही सांगतात. वेग खरा आहे. त्यामागची वर्षं मेसेजमध्ये नाहीत.

आणि 'शिकू नका' हे तर कोपच्या नावावर खपवूच नका. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी कित्येक वर्षं संगीतच शिकवलं.

भाचीला वहीचा फोटो मागितला. तिसऱ्या मापात (बारमध्ये) टेनरकडे, म्हणजे चारांपैकी वरून तिसऱ्या आवाजाकडे, कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) सातवा स्वर होता आणि तो खाली उतरवायचा राहून गेला होता. 'हा आवाज पुढे कुठे जातो?' मी विचारलं. कोपनी तुकड्यातुकड्यापुढे नोंदवलं होतं ते हेच. तिने खोडरबर घेतला.