कापसाच्या भावाचं खापर 'व्हेटो'वर फोडणाऱ्या मेसेजबद्दल

सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला आणि तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात तो शेतकरी गटाच्या, सोसायटीच्या, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, अमेरिकेसह पाच बड्या देशांकडे व्हेटो, म्हणजे एकट्याने निर्णय अडवायचा अधिकार, आहे. तिथे मतं पैशाच्या हिशेबाने मिळतात, भारताच्या वाट्याला जेमतेम अडीच टक्के. भारताला तिथे कधी 'नाही' म्हणता आलेलं नाही. म्हणूनच कापसावरचं आयात शुल्क काढावं लागलं आणि हमीभाव अडकून पडला.

पानठेल्यावर एका जुन्या कास्तकाराने तो वाचून दाखवला आणि म्हणाला, "आपलं तिथं कोन आयकते भाऊ?" हे लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. चुकीच्या माहितीने माणूस इतका हताश होत असेल, तर ती खोडून काढलीच पाहिजे.

आधी पाच देशांचा व्हेटो. तो खराच आहे, पण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत. तिथे 15 सदस्य, त्यांतले 5 कायमचे. ठरावाला 9 मतं लागतात, आणि केवळ कामकाजाच्या पद्धतीचा विषय नसेल तर पाचांपैकी एकाने विरोधात मत दिलं तरी ठराव पडतो. कापसाचे व्यापार-नियम काही त्या परिषदेत ठरत नाहीत. पैशाच्या हिशेबाने मतं असतात ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत. तिथे अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मतं आहेत, आणि मोठ्या निर्णयांना 85 टक्के लागत असल्याने ती एकटी ते अडवू शकते. मेसेजमधले भारताचे अडीच टक्केही तिथलेच. लिहिणाऱ्याने तीन संस्था एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत.

डब्ल्यूटीओ 1 जानेवारी 1995 ला सुरू झाली. आज तिचे 166 सदस्य आहेत आणि तिच्या स्थापनेच्या कराराचं नववं कलम सांगतं की प्रत्येक सदस्याला एक मत. आपल्या सेवा सहकारी सोसायटीसारखंच, शेअर कितीही असोत, मत एकच. (युरोपीय संघाला मात्र त्याच्या सदस्य देशांइतकी मतं मोजतात.) करारात मतदानाची तरतूद आहे, काही निर्णयांना दोन तृतीयांश, काहींना तीन चतुर्थांश. पण मतदानाची वेळ जवळजवळ येतच नाही, कारण रीत सर्वसहमतीची आहे. सर्वसहमती म्हणजे काय, हेही त्याच कलमाच्या तळटीपेत दिलेलं आहे: बैठकीला हजर असलेल्या एकाही सदस्याने रीतसर हरकत घेतली नाही, तर निर्णय झाला.

ग्रामसभेत बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सरपंच विचारतात, कोणाची हरकत? कोणी बोलत नाही, आणि ग्रामसेवक 'सर्वानुमते मंजूर' लिहून घेतात. म्हणजे डब्ल्यूटीओत व्हेटो पाच जणांकडे नाही, तो हजर असलेल्या प्रत्येकाकडे आहे. अट दोनच: हजर राहा आणि उभं राहून बोला. आता, बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही खरं. मजुरीवर जाणाऱ्याने पाटलासमोर हरकत घेणं आणि पाटलाने हरकत घेणं यांत फरक असतोच. डब्ल्यूटीओचं कामकाज चालतं त्या जिनिव्हातही मोजके देश आधी लहान खोलीत बसून मसुदा ठरवतात आणि बाकीच्यांवर दबाव येतो. मेसेजने एवढंच म्हटलं असतं, तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पण त्यात म्हटलंय की भारत कधी 'नाही' म्हणू शकला नाही. 2013 च्या डिसेंबरात डब्ल्यूटीओच्या बालीतल्या परिषदेत व्यापार सुलभीकरणाचा, म्हणजे सीमेवर मालाची ये-जा सोपी करण्याचा, करार ठरला. तो नियमांत बसवण्याची मुदत होती 31 जुलै 2014. भारताने सांगितलं, आमच्या सरकारी धान्यखरेदीला लागणाऱ्या मर्यादेवर कायमचा तोडगा दिसल्याशिवाय सहमती नाही. मुदत टळली, बडे देश संतापले, पण करार अडकला तो अडकलाच. शेवटी 27 नोव्हेंबर 2014 ला डब्ल्यूटीओच्या सर्वसाधारण परिषदेने मान्य केलं की कायमचा तोडगा निघेपर्यंत या खरेदीविरुद्ध तक्रार होणार नाही. त्याला 'शांतता कलम' म्हणतात. 2024 मध्ये अबुधाबीतही गुंतवणुकीबद्दलचा एक करार डब्ल्यूटीओच्या चौकटीत आणायला भारताने हरकत घेतली आणि तो आत आला नाही.

हाच अधिकार अमेरिकेनेही वापरला, तोही फार वाईट रीतीने. तंट्यांवरच्या अपील मंडळात 7 सदस्य असतात आणि अपील ऐकायला 3 लागतात. 2017 पासून अमेरिकेने नव्या नेमणुकांना सहमती दिली नाही, आणि डिसेंबर 2019 मध्ये मंडळ बंद पडलं. तेव्हापासून हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लोंबकळतं. साखरेच्या अनुदानावर निकाल विरोधात गेल्यावर भारतानेही हेच केलं. आपल्या बाजूचं म्हणून मला ते लपवायचं नाही.

अपील मंडळ चालू होतं तेव्हाची एक गोष्ट कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देते त्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये तक्रार केली आणि 2005 मध्ये अपिलातही जिंकली. तंट्याच्या निकालाला सर्वसहमतीचा नियम उलटा लागतो: निकाल नाकारायचा असेल तर सगळ्यांची सहमती हवी, जिंकलेल्या देशाचीसुद्धा. त्यामुळे अमेरिकेला तो अडवता आला नाही. 2010 पासून तिने ब्राझीलला वर्षाला 14.73 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. यातलं दुखणं असं की पैसे ब्राझीलच्या कास्तकारांसाठी गेले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश 2003 पासून तीच अनुदानं कमी करा म्हणून सांगत आहेत. तिथे निकाल नव्हता, वाटाघाट होती, आणि वाटाघाटीत श्रीमंताच्या 'नाही'लाही तेवढंच वजन असतं.

आता आयात शुल्क. कापसावर 2021 च्या अर्थसंकल्पापासून एकूण 11 टक्के शुल्क होतं. 19 ऑगस्ट 2025 पासून ते 30 सप्टेंबरपर्यंत माफ झालं, मग माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. हा निर्णय दिल्लीत झाला, कापड उद्योगाला दिलासा म्हणून. डब्ल्यूटीओच्या कोणत्याही बैठकीने तो घ्यायला लावला नाही, आणि कोणाच्या व्हेटोचा त्यात संबंध नाही.

हमीभावाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मेसेजमध्ये खऱ्याचा अंश असेल तर तो इथे आहे. 2025-26 च्या हंगामासाठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर झाले ते केंद्र सरकारने. डब्ल्यूटीओ हमीभाव ठरवत नाही, पण भावाच्या आधाराला मर्यादा घालते: विकसनशील देशांसाठी त्या पिकाच्या उत्पादन-मूल्याच्या 10 टक्के. ती मोजायला आजही 1986-88 च्या किमती धरतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या किमतीशी आजचा हमीभाव ताडला तर आधार फुगूनच दिसणार. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने नेमकं हेच गणित मांडून भारताच्या कापसाच्या हमीभावावर बोट ठेवलं. आणि ज्या शांतता कलमासाठी भारत 2014 मध्ये उभा राहिला, ते पारंपरिक अन्नधान्याच्या पिकांपुरतं आहे. गहू-तांदूळ त्यात आले, कापूस नाही आला. मेसेज लिहिणाऱ्याला राग काढायचाच होता, तर तो इथे काढायला हवा होता.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. ऑक्टोबर ते मार्च कापसाच्या आयात शुल्कात सूट देऊ नये, आणि जिनिव्हात पुढच्या वेळी भारत सहमती रोखून धरेल तेव्हा मागण्यांत 1986-88 च्या किमती बदलण्याबरोबर कापसाचंही नाव असावं. प्रत आमच्या खासदारांना जाईल. पानठेल्यावरच्या त्या कास्तकाराने अनुमोदक म्हणून सही करायचं कबूल केलं आहे.