आमची नसलेली होडी

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फोनवर मेसेज आला. ‘आमच्यासोबतचा प्रवास कसा वाटला? मित्रांना सुचवाल का? ० ते १० मध्ये सांगा.’ डिसेंबरात मायला घेऊन मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ केली, ते तुम्ही फोटोंत पाहिलंच आहे. छान छान म्हणालातही. फोटोंत जे नव्हतं ते आज लिहिते, कारण डोकं फिरलंय.

मेसेजनं नाही फिरलं. मी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली आमच्या खोलीच्या खिडकीचा फोटो टाकला. त्यावर दिराचं उत्तर: ‘वहिनी, खेड्यातल्या म्हातारीला जहाज दाखवलं हेच खूप झालं. एवढ्यातेवढ्याच्या अपेक्षा कशाला?’ खाली चार अंगठे. चारही घरातलेच.

खिडकीची गोष्ट सांगते, म्हणजे एवढंतेवढं किती ते तुम्हीच ठरवा.

माझी माय रावेरकडची. बहात्तर वर्षांची. जन्म केळीत गेला. आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हतनूरचं धरण, तेही दरवाजे उघडले म्हणून ट्रॅक्टरवर बसून बघायला गेलेली. समुद्र पाहायचाय असं ती कधीच म्हणाली नाही. एकदा श्रावणात तापीच्या पुलावरून जाताना म्हणाली, ‘एवढं पानी जातं तं जातं कोठी वं?’ मी म्हटलं, सुरतेकडं, समुद्रात. ती गप्प बसली. मग म्हणाली, ‘पाहाले पाह्यजे एकदा.’ एवढंच. ते वाक्य मी सात वर्षं डोक्यात घेऊन फिरत होते.

तिचे दोन्ही गुडघे गेलेत. दहाव्या मजल्याच्या डेकवर सारखं जा-ये तिला होणार नाही, म्हणून खास खिडकीची खोली घेतली. माणशी साडेतीन हजार जास्त. आतली बिनखिडकीची स्वस्तात मिळत होती. पण मायला पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. बुकिंगवाल्याला मी हे चारदा सांगितलं. तो चारही वेळा ‘टेन्शनच घेऊ नका ताई’ म्हणाला.

भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे सीएसएमटी, तिथून टॅक्सीनं बॅलार्ड पिअर. जहाज पाहून माय म्हणाली, ‘हे तं आख्खं गाव हाये.’ कार्ड लावून खोलीचं दार उघडलं, मी धावत जाऊन पडदा सरकवला, आणि समोर होडी.

खरीखुरी होडी. नारिंगी, एखाद्या मिनीबसएवढी, दोरांवर टांगलेली. खिडकीभर तीच. वर चार बोटं आभाळ, खाली वाकून पाहिलं तर चार बोटं पाणी. जीव वाचवायची होडी, ती असायलाच हवी, कळतं मला. पण माझ्या मायच्या खिडकीत?

काउंटरवर गेले. मुलगा अत्यंत गोड. ‘मॅम, शिप फुल आहे.’ मग त्यानं बुकिंगचा कागद काढून दाखवला. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की दृश्याला अंशतः अडथळा असू शकतो. हो, लिहिलेलं होतं. कबूल. अंशतः!

संध्याकाळी खोलीवर माफी म्हणून फळांची टोपली आली. टोपलीत काय असेल? केळी. रावेरच्या बाईला केळी. तीही काळवंडलेली. मायनं एक उचललं, सालीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘फिरीजमधी ठेवलं व्हतं यायनं.’ केळी तेरा अंशांखाली गेली की साल काळी पडते, हे आमच्याकडं पाचवीतलं पोरगं सांगेल. तिनं तरी अर्धं खाल्लं. अन्न टाकायचं नाही म्हणून.

बाकीच्या गोष्टी मी सोडूनच देते. खोलीत पाण्याच्या दोन बाटल्या फुकट, तिसरीपासून पैसे. चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी. नाश्त्याची रांग स्टँडवर यष्टीला लागते तशी, आणि साडेनऊला समोरून भांडी उचलतात. कार्ड दाखवलं की सगळं मिळतं, म्हणजे सगळं खात्यावर चढतं, आणि शेवटच्या दिवशी कागद हातात. त्यात सेवेचे पैसे परत वेगळे. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर काढून ठेवायच्या, आणि सकाळी पाहुण्यांना जणू झाडूनच बाहेर काढतात. हे सगळीकडं असंच असतं म्हणे. असेल. यावर मी भांडत नाही. मी खिडकीवर भांडतेय.

दुसऱ्यांच्या लग्नात पंगतीला बसल्यावर बट्टीवर तूप कमी पडलं म्हणून वाढप्याला तीनदा परत बोलावणारा माणूस मला अपेक्षांवर शिकवतो! वरणाला फोडणी बसली नाही म्हणून भर मांडवात यजमानाला ऐकवलेलं आम्ही विसरलेलो नाही. तिथं तर एक पैसा दिलेला नसतो, आहेराचं पाकीट सोडलं तर. मग पैसे मोजून मागितलेली खिडकी मायला मिळावी असं मी म्हटलं, तर ते एवढंतेवढं कसं? की पुणे-मुंबईच्या बाईनं तक्रार केली तर ती जागरूक ग्राहक, आणि रावेरच्या बाईनं केली तर ‘दाखवलं हेच खूप’? तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. माझ्या यादीतली माणसं आहात.

आणि ऐका, होडीची गोष्ट संपली नाही.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, तेव्हा सगळ्या माणसांना पुरतील एवढ्या होड्याच तिच्यावर नव्हत्या. त्यानंतर हे नियम आले. तर आम्हाला जमायची जागा दाखवली, होडीचा नंबर सांगितला. माय सगळं कान देऊन ऐकत होती. वादळात उभी केळीची बाग एका रात्रीत आडवी झालेली तिनं पाहिली आहे, त्यामुळं वाऱ्याच्या बाबतीत ती कोणावर विश्वास ठेवत नाही. मला म्हणाली, ‘मंग आपल्या खिडकीतली ते आपलीच ना?’

नव्हती. आमचा नंबर जहाजाच्या पलीकडच्या अंगाला. समुद्र अडवायला एक होडी, आणि वेळ आली तर बसायला दुसरी!

मी रडकुंडीला आले. ही मात्र हट्टानं, गुडघे धरत, भिंतीचा दांडा धरत पलीकडं गेली. आपल्या नंबरची होडी पाहून आली, तेव्हा कुठं निजली. जवळजवळ अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात डेकवर जाऊन समुद्र पाहता आला असता, असं मी म्हटलंही. तिनं ऐकलं नाही.

आता लिहिता लिहिता राग थोडा उतरतोय, तर तेही लिहिते. आमची खोली आवरायला यायचा तो पोऱ्या वीस-बावीसचा, ईशान्येकडचा कुठला तरी. माय पहाटे पाचला उठते. पहिल्या दिवशी ती दार उघडून उभी राहिली, चहा कुठं मिळतो ते कळेना, मी घोरत होते. हा दिसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. तिनं हातानं बशी तोंडाला लावायची खूण केली. तो हसला आणि कुठून तरी दूध घातलेला, आलं घातलेला, उकळलेला चहा घेऊन आला. यंत्रातला नाही. त्यांच्या स्वतःच्या जेवणघरातला असणार. दुसऱ्या दिवशीही आणला, न मागता. गोव्यात मुरगाव बंदरात उतरायच्या दिवशी तर दोन कप.

मी त्याला विचारलं, किती तास काम असतं रे? तो नुसता हसला. जहाजावरच्या माणसाला २४ तासांत निदान १० तास विश्रांती द्यावी, असा जगभराचा नियम आहे. उरले किती ते तुम्ही मोजा. त्यात पुन्हा महिनोन्‌महिने घर नाही. मी त्याच्यावर चिडलेली नाही, एवढं तरी दिरांना कळावं. माझी तक्रार कागदावर मुंगी लिहिणाऱ्याशी आहे, आणि आमच्याच गावातल्या त्या ‘टेन्शन घेऊ नका’वाल्याशी. तो आता फोन उचलत नाही.

मायनं समुद्र पाहिला का? पाहिला. शेवटच्या संध्याकाळी लिफ्टनं वर नेलं, खुर्ची मिळेपर्यंत उभंच राहावं लागलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘खारं हाये ना? मंग तापीचं गोडं पानी कोठी गेलं?’ मला उत्तर देता आलं नाही. बाजूला डीजे चालू होता. गुडघे दुखायला लागले तशी वीस मिनिटांत आम्ही खाली आलो, आणि खिडकीत होतीच ती नारिंगी.

खिडकी असती तर ती रात्रभर बघत बसली असती. मी ओळखते तिला.

आत्ता तिला फोन करून विचारलं, त्या लोकांना किती मार्क देऊ? म्हटलं मी दोन देणार आहे. तर म्हणे, ‘दहा दे वं. त्या चायवाल्या पोऱ्याची नोकरी जाईन.’

दहा दिले. फॉर्ममध्ये खोलीच्या स्वच्छतेला रकाना आहे, जेवणाला आहे, करमणुकीला आहे. खिडकीला नाही, म्हणून इथं लिहिलं. दीर, वाचत असाल तर अंगठा देऊ नका.